पान वाढणाऱ्या गौराक्का

बारावीच्या इतिहासाच्या तासाला आत जाताना मुलींना पेन बाहेर ठेवावं लागायचं. दाराशी स्टुलावर कडीचा एक स्टीलचा डबा असायचा. मूळचा तो गौराक्कांचा दहीभाताचा डबा. जेवण झालं की धुऊन-पुसून तो दारात यायचा, आणि प्रत्येकीने त्यात आपलं पेन टाकून रिकाम्या हाताने बाकावर जाऊन बसायचं. नव्या मुली घाबरायच्या. टीचर बोलणार आणि आपण लिहायचं नाही, म्हणजे काय? एकीने एकदा वेणीत पेन्सिल खोचून आत नेली. गौराक्कांनी शिकवता शिकवता मागून जाऊन ती अलगद काढली, त्याच पेन्सिलीने भिंतीवरच्या नकाशातला युरोप दाखवला आणि तास संपल्यावर पुन्हा तिच्या वेणीत खोचून दिली.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत गौराक्का आणि मी समोरासमोर राहायचो आणि मुलींच्या एकाच शाळेत शिकवायचो. त्या इतिहास, मी गणित. त्या माझ्याहून पुष्कळ मोठ्या, म्हणून मला त्या अक्का आणि त्यांना मी ‘रमे’. वर्गात आम्ही दोघी तमिळ बोलायचो आणि घरी आमची मराठी. ही आमची मराठी इथे पुण्याला आल्यावर मी बोलले की लोक आधी चमकतात आणि मग विचारतात, तुम्ही नाटकात काम करता का? गौराक्का तर ती तमिळ लिपीत लिहायच्या. नागरी अक्षरं त्यांना वाचता यायची, पण लिहिताना हात अडायचा. त्यामुळे त्यांचं टिपण हाती लागलं तरी तमिळ माणसाला ते समजायचं नाही आणि मराठी माणसाला वाचता यायचं नाही.

त्या चालायच्याही तशाच, कुणालाही गाठता येणार नाहीत अशा. ठेंगणी मूर्ती, पदर कमरेला खोचलेला, छत्री उजव्या काखेत, आणि बोलता बोलता ती छत्री कुणाच्या तरी बरगडीत. टाउन बसमध्ये त्यांच्या शेजारी बसायला मी नेहमी डावी बाजू धरायचे. कुठलीही गोष्ट त्यांना शांतपणे सांगता येत नसे. भेंडी स्वस्त झाली हीसुद्धा त्या अशी सांगायच्या की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं.

मुलींनी अभ्यास कसा करावा हा त्यांचा खरा विषय. इतिहास हे निमित्त. तो आपला शिकवायला दिला आहे म्हणून शिकवायचा. आमच्या इतर टीचर पिवळ्या पडलेल्या वह्यांतून नोट्स सांगायच्या, मुली माना खाली घालून लिहायच्या, आणि परीक्षेच्या आधी घोकायच्या. गौराक्का याला ‘नळाखाली घागर’ म्हणायच्या.

“भरली कीं नाहीं येवढेंच पाहातात गे. पाणी कसलें, तें कोण पाहातो?”

त्यांच्या तासाला मुलींनी आधी नुसतं ऐकायचं. मग पुस्तक मिटून, डोळे मिटून, मनातल्या मनात ते सगळं एकदा फिरवायचं. मगच डब्यातून पेन आणायचं आणि लिहायचं. तेही सरसकट नाही. वहीचं कोरं पान आडवं धरायचं, मधून एक रेघ मारायची आणि केळीच्या पानावर वाढतात तसं वाढायचं. वरच्या अर्ध्यात मीठ, लोणचं, कोशिंबीर, भाज्या. म्हणजे नावं, गावं, साली, अवघड शब्द. थोडं थोडं, आपापल्या जागी. खालच्या अर्ध्यात भात. म्हणजे काय घडलं आणि का घडलं, स्वतःच्या शब्दांत. घरी गेल्यावर खालचा भाग हाताने झाकायचा आणि वरच्या एकेका शब्दावरून तो तोंडाने सांगायचा. सांगता आलं नाही, तर पोट भरलेलं नाही असं समजायचं.

“लोणचें पाहिल्यावर भात आठवला पाहिजे,” त्या म्हणायच्या. “नुसतें लोणचें चाटत बसलीस तर जीभ भाजेल.”

मी एकदा चिडवायला विचारलं, “अक्का, गणितात कसलं हो पान वाढायचं?”

“तुझ्या गणितांत तुम्ही उत्तर आधी वाढतां आणि मुलींना उपाशी उठवतां,” त्या म्हणाल्या. मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी मात्र मी फळ्यावर गणित सोडवायच्या आधी मुलींना थोडा वेळ नुसतं बघत बसू दिलं.

रंगीत पेनांनी ओळींखाली रेघा मारायची तेव्हा टूम निघाली होती. एका मुलीचं पुस्तक असं होतं की छापलेलं एकही अक्षर रेघेवाचून राहिलं नव्हतं. गौराक्कांनी ते उलटसुलट पाहिलं. “सगळ्याच दगडांना हळदकुंकू लावलें, तर देव कोणता?” एवढंच विचारून परत दिलं.

आणि शिकवलेलं त्या लगेच विचारायच्या नाहीत. दोशाचं पीठ वाटल्या वाटल्या तव्यावर घालतात का, आंबू द्यावं लागतं, हे त्यांचं म्हणणं. दोन-चार दिवस मध्ये जाऊ द्यायचे, थोडं विसरायला लागलं की मग आठवायचं. तेव्हा जे जोर लावून वर येतं तेच टिकतं. तत्त्व म्हणून हे ठीक होतं. अडचण अशी की पीठ आंबलं हे त्या ठरवायच्या, आणि ते कुठेही ठरवायच्या. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात पंगत बसली होती. बारावीतली एक मुलगी नवा रेशमी परकर आणि वर ओढणीसारखी दावणी नेसून सांबाराची बादली घेऊन वाढत आली. गौराक्कांनी पानावर हात आडवा धरला आणि विचारलं, “फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं?”

मुलगी पळी वर धरून उभी. दोन कारणं आली, तिसरं येईना. पुढची पंगत खोळंबली. नवऱ्या मुलाचे काका घसा खाकरू लागले. गौराक्का शांत. पळीतून सांबार ठिबकत होतं. शेवटी तिसरं कारण, भाकरीची महागाई, आलं, तेव्हा अक्कांनी हात बाजूला घेतला आणि म्हणाल्या, “आता वाढ. भरपूर वाढ.” त्या मुलीने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं की आजही सांबाराचा वास आला की तिला भाकरीची महागाई आठवते.

चूक झाली की गौराक्कांना विशेष आनंद व्हायचा. बरोबर उत्तराला त्या नुसती मान हलवायच्या. चुकीच्या उत्तराला खुर्चीतून उठायच्या. “चुकलीस? फार चांगलं. कुठून चुकायला सुरुवात झाली ते शोधूया.” मग ती आणि त्या मिळून वाट चुकलेल्या माणसांसारख्या मागे मागे जायच्या आणि वळण सापडलं की अक्का टाळी वाजवायच्या.

शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान निघालं, तेव्हाची गोष्ट. गल्लोगल्ली तेव्हा काही ना काही निघत होतं. एसटीडीचे पिवळे बूथ, गच्चीगच्चीवर केबलच्या तारा, नव्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या जाहिराती. झेरॉक्सवाल्याची मुलगी आमच्याच शाळेत होती. एक दिवस तो तक्रार घेऊन आला. म्हणाला, बाकीच्या टीचरांच्या मुली एकमेकींच्या नोट्सच्या झेरॉक्स काढायला रांग लावतात, तुमच्या वर्गातली एकही फिरकत नाही. अक्का म्हणाल्या, “दुसरीच्या पानावरचं उष्टं कोण खाईल?” त्याला हे पटलं की नाही कोण जाणे. पण त्याने आपल्या मुलीची वही तिथेच उघडून पाहिली, वरचा एक शब्द दाखवून तिला विचारलं, आणि ती सांगू लागल्यावर दुकान उघडं टाकून ऐकत उभा राहिला.

मग एका वर्षी हेडमिस्ट्रेसनी गौराक्कांना बोलावलं. मीही हजेरीपट घेऊन तिथेच होते. हेडमिस्ट्रेस बाई भली होती. तिने सरळ सांगितलं की इतिहासाचा ग्रुप, म्हणजे ती विषयशाखा, आता कुणाला नको आहे. सगळ्या बापांना मुलगी कॉम्प्युटरवाली हवी. जूनपासून अकरावी-बारावीला कॉम्प्युटरचा नवा ग्रुप सुरू होणार, इतिहासाचा बंद. “तुम्ही कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट मिळवलंत तर वरचे वर्ग तुमच्याकडेच राहतील. नाहीतर पहिलीची जागा रिकामी आहे.”

घरी येताना गौराक्का छत्री न हलवता चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या.

“पहिलीचीं पोरें गोड असतात गे, रमे. शहाणीं असतात. पण मला वाद घालणारी पोर लागते. सतरा वर्षांची, नाक वर करून ‘तसें नाहीं टीचर’ म्हणणारी. तिच्यावांचून मी काय करूं?”

मी म्हटलं, “शिकाल हो तुम्ही. जगाला शिकवता ना कसं शिकायचं ते.”

बस, एवढं पुरलं. डोळे चमकले आणि छत्री हवेत गेली. “शिकतेंच. आपली रीत आपल्यावरच लावून पाहातें. खरी असली तर या म्हाताऱ्या डोक्यांत पण चालेल.”

साउथ मेन स्ट्रीटवर भांड्यांच्या दुकानावर एक कॉम्प्युटर सेंटर होतं. आत थंड हवेचं यंत्र, म्हणून देवळासारख्या चपला बाहेर काढायच्या. गौराक्का पहिल्या दिवशी शाल पांघरून गेल्या आणि येताना सगळ्या गल्लीला सांगत आल्या. आत काय थंडी, काय पडदा, बटणावर बोट दाबलं की त्यावर अक्षर कसं उमटतं. तिथला मास्तर पुस्तक हातात घेऊन वाचायचा आणि बाकी सगळे भराभर लिहून घ्यायचे. अक्का हात मांडीवर ठेवून ऐकायच्या. मास्तरला वाटलं, बाईंना डुलकी लागली आहे.

पहिल्याच चाचणीत त्या सपशेल नापास झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? बारावीच्या वर्गात जाऊन आपले मार्क फळ्यावर लिहिले. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते.

“मला आज कळलं, तुम्हाला कसं वाटतं ते. पानावर नुसती लोणची झाली. शब्द सगळे वाढून घेतले, पण भात नाही. आता हा भात कुठून आणायचा, सांगा.”

मुली सांगू लागल्या. एक म्हणाली, टीचर, तुम्ही मास्तरला प्रश्न विचारा. दुसरी म्हणाली, कुणाकडून तरी समजावून घ्या. इतका गोंधळ झाला की हेडमिस्ट्रेस येऊन पाहून गेली.

समजावणारी सेंटरमध्येच भेटली. अंबुजा. आमच्याच मागच्या गल्लीतली मराठी घरातली मुलगी, अक्कांची जुनी विद्यार्थिनी. इतिहासात जेमतेम पास झालेली, अबोल, बीएस्सी करून घरी बसलेली. लग्न ठरेपर्यंत काहीतरी करू दे म्हणून बापाने सेंटरला घातलेली. तिला मराठी सगळी समजायची, पण बोलायची तमिळ. अक्कांनी तिला रोज संध्याकाळी घरी बोलावलं.

“तूं सांग, मी ऐकतें. मला ‘ढ’ समज आणि सांग.”

त्या संध्याकाळी काय बहारीच्या होत्या. गौराक्कांच्या ओट्यावर त्या आणि अंबुजा, समोरच्या ओट्यावर मी मोगरा ओवत. पहिले काही दिवस अंबुजाच्या तोंडून शब्द फुटेना. पुस्तकातलं वाक्य म्हणायची आणि गप्प. अक्का विचारायच्या, “म्हणजे काय?” ती पुन्हा तेच म्हणायची. “हें पुस्तक बोललें. तूं काय म्हणतेस?” हळूहळू ती म्हणू लागली. एका संध्याकाळी कॉम्प्युटर एकच काम पुन्हा पुन्हा कसं करतो ते तिला सांगायचं होतं. ती उठून ओट्याच्या खांबाभोवती फिरू लागली.

“प्रदक्षिणा, टीचर. एक झाली, मोजली. नऊ झाल्या का? नाही. पुन्हा फिरा. नऊ झाल्या का? हो. मग थांबा आणि घरी जा.”

“आणि मोजायला विसरली तर?”

अंबुजा खांबाला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, “मग ती फिरतच राहील. घरी जायचीच नाही.”

“मग तिला थांबवायचें कोणी?”

“देवळाचं दार बंद करावं लागेल. मशीन बंद करावं लागेल, टीचर.”

गौराक्का आनंदाने ओट्यावरून खाली उतरल्या. “रमे, ऐकलेंस? ऐकलेंस हिनें काय सांगितलें?” शेजारपाजारच्या बायका काय झालं म्हणून दारात आल्या. त्यांनाही प्रदक्षिणा ऐकवली. अंबुजा लाजून लाल झाली होती, पण पुन्हा सांगताना तिने हातवारे केले. परीक्षेपर्यंत तिचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत स्पष्ट येऊ लागला. घरी तिची आई म्हणायला लागली, ही जेवताना कुणाशी बोलते आहे?

निकाल सेंटरच्या जिन्यात लावला होता. आम्ही तिघी गेलो. अंबुजाचं नाव सगळ्यात वर होतं. गौराक्का थोडक्या मार्कांनी नापास झाल्या होत्या.

अंबुजाने तोंडावर दावणी धरली आणि रडू लागली. अक्का कागदाकडे बघत उभ्या राहिल्या. मग जिन्याचा कठडा धरून त्या हसू लागल्या. हसता हसता पायरीवर बसल्या.

“रमे, मीं काय केलें पाहिलेंस? जन्मभर मुलींना ओरडून सांगितलें, जो सांगतो तो शिकतो. ऐकणारा नुसता खूश होतो. आणि माझी पाळी आली, तर मी काय केलें? तिला सांगायला लावलें आणि स्वतः प्रश्न विचारत बसलें. संवयच तशी. शिकायला गेलें आणि शिकवून आलें.”

खरं होतं. रोज समोर बसून ऐकत होते, पण माझ्याही लक्षात आलं नव्हतं. समोर विद्यार्थिनी दिसली की गौराक्का टीचर व्हायच्या. त्याला इलाज नव्हता. परत येताना बसमध्ये त्यांचं हसू ओसरलं. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मला वाईट वाटतें गे. फार वाईट वाटतें.” मी त्यांचा हात धरला. मलाही रडू येत होतं.

पण बस शाळेच्या थांब्यावर आली, तशा त्या उठल्या आणि अंबुजाला दंडाला धरून खाली उतरवलं. मी मागून धावले. हेडमिस्ट्रेसच्या खोलीत शिरताना त्यांनी दार वाजवलं नाही.

“मी नापास झाले,” त्यांनी सांगून टाकलं. “पण तुमची कॉम्प्युटर टीचर घेऊन आले आहे.”

हेडमिस्ट्रेसने मान खाली घातलेल्या अंबुजाकडे पाहिलं. “ही? हिला बोलता तरी येतं का?”

“विचारून पाहा.”

हेडमिस्ट्रेसने विचारलं, कॉम्प्युटर काम कसं करतो ते. अंबुजाने आधी गौराक्कांकडे पाहिलं, अक्का छताकडे बघत होत्या. मग तिने टेबलावरचा पेपरवेट उचलून मधोमध ठेवला, त्याला देव केलं, आणि टेबलाभोवती फिरायला सुरुवात केली. शिपाई चहा घेऊन आला तोही थांबला. जूनमध्ये ती तात्पुरत्या जागेवर रुजू झाली. लग्नाचं बोलणं तिच्या बापाने सध्या पुढे ढकललं.

आणि गौराक्का पहिलीत गेल्या. पेनांचा डबा गेला, खडूचे तुकडे आले. पहिलीच्या वर्गातून कावळा-चिमणीचे आवाज येऊ लागले आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा ते सांगायला नको. पण दुपारी स्टाफरूममध्ये त्या डबा उघडून नुसत्या बसायच्या. विचारलं की म्हणायच्या, “पोरें गोड आहेत.” पुढे काही नाही.

त्याच वर्षाअखेरीस माझ्या यजमानांची पुण्याला बदली झाली आणि मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी माझे कागद घेऊन मी गौराक्कांना शोधत होते. पहिलीत नव्हत्या, तो तास खेळाचा होता. शिपाई म्हणाला, त्या रोज या वेळी वर जातात, कॉम्प्युटरच्या खोलीत. मी जिना चढले. खोलीच्या दाराला काच होती, त्यातून पाहिलं.

अंबुजा मुलींमध्ये बाकावर बसली होती. फळ्यापाशी गौराक्का होत्या, पदर खोचलेला, खडू हातात. मागच्या तासाला अंबुजाने जे शिकवलं असेल ते त्या सांगत होत्या आणि अंबुजा मधूनच म्हणत होती, “टीचर, हे पुस्तक बोललं. तुम्ही काय म्हणता?” अक्कांनी फळ्यावर बाण काढला. पहिल्या बाकावरची एक मुलगी ताडकन उभी राहिली.

“तसं नाही, टीचर.”

“का तसं नाही?”

मुलगी फळ्यापाशी आली आणि खडू त्यांच्या हातातून काढूनच घेतला. बाण पुसला, उलटा काढला. गौराक्कांनी तो बाण पुसला आणि दुसरा खडू घेतला. मुलीने नाक वर केलं. बाकीच्या मुली बाकावरून अर्ध्या उठल्या होत्या.

मला निरोप घ्यायचा होता. बाहेर रिक्षा थांबली होती, घरी सामान बांधून पडलं होतं. काचेवर टकटक करायला मी हात वर केला, पण केली नाही. आत गौराक्का सतरा वर्षांच्या एका मुलीशी तावातावाने वाद घालत होत्या, आणि हरत होत्या.